नीतिमत्त्व 'दान' म्हणून मिळतं, मग चांगलं वागायचं कशाला?

तुमचा ख्रिस्ती सहकारी म्हणाला की नीतिमत्त्व कमवायचं नसतं, ते देवाकडून फुकट मिळतं. 'करावं तसं भरावं' ऐकत वाढलेल्या तुम्हाला ही पळवाट वाटली. मीही तेच ऐकत वाढलो, जन्माने ख्रिस्ती असून.

अर्धा घोटाळा शब्दाचा आहे. नीतिमत्त्व म्हटलं की मराठी माणसाला सचोटी, सदाचार आठवतो, आणि सचोटी कुणी वाटेल कशी? पण बायबलच्या नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी तो वापरलाय, त्याला कोर्टाचा वास आहे. देवापुढे माणूस निर्दोष म्हणून उभा राहू शकतो का, एवढाच तिथे सवाल. स्वभावाचा दाखला तिथे कुणी मागत नाही.

परळच्या एका पतपेढीत मी तीस वर्षं खतावण्या लिहिल्या. त्यामुळे ख्रिस्ताचा प्रेषित पौल, त्याने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय मला अगदी घरचा वाटतो. मूळ ग्रीकमध्ये त्या एका अध्यायात 'गणणे' हे क्रियापद 11 वेळा येतं, आणि व्यापारी लोक ते हिशेबासाठी वापरत. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून धरला गेला. पौल तारीखसुद्धा तपासतो, पक्का ऑडिटर! बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात ही जमा पंधराव्या अध्यायात आहे, सुंता सतराव्यात. म्हणजे विधी नंतरचा, जमा आधीची. राबणाऱ्याला मिळते ती मजुरी, ते मालकाचं देणं. त्याला कृपा म्हणत नाहीत, असंही तो बजावतो.

प्रवचनांत एक गोष्ट फार चालते, न्यायाधीश खाली उतरून आरोपीचा दंड स्वतः भरतो ती. मला ती अपुरी वाटते. दंड भरला की खातं शून्यावर येतं, बस्स. आमच्याकडे एखाद्याचं बुडीत कर्ज निर्लेखित झालं, तर दुसऱ्या दिवशी त्याला खुर्ची देऊन चहा कोण पाजणार? पौल याच्या पुढे जातो. फिलेमोन नावाच्या मालकाला तो त्याच्या पळून गेलेल्या गुलामाबद्दल, अनेसिमाबद्दल पत्र लिहितो. त्याचं जे काही देणं असेल ते माझ्या हिशेबी मांड, आणि त्याला असं स्वीकार की जणू मीच आलोय. दोन नोंदी आहेत या. कर्ज पौलाच्या नावे, पौलाचा मान अनेसिमाच्या जमेला. ख्रिस्ताने आपल्यासाठी तेच केलं, आपलं देणं स्वतःच्या नावे घेतलं आणि स्वतःचं नीतिमत्त्व आपल्या जमेला टाकलं, हे मला या छोट्या पत्रातून जितकं कळलं तितकं जाड पुस्तकांतून नाही.

कळलं, पण पचलं नाही. भायखळ्याच्या आमच्या चाळीत दिवाळीला शेजारचा फराळ यायचा, नाताळात आमच्या करंज्या जायच्या. आई कुणाचं भांडं रिकामं परत देत नसे. काहीच नसलं तर तळाशी चमचाभर साखर. मी देवाशीही तसाच वागत आलो. उपासना चुकवायची नाही, दशमांश द्यायचा, गुड फ्रायडेचा उपवास धरायचा, सगळी भांड्यातली साखर. फुकट घेणं आपल्याला अपमानासारखं वाटतं, खरं ना? पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीलाही वेळ लागला. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, 1889 मध्ये मुंबईत शारदासदन, एवढं सगळं करूनही त्यांनी पुढे लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली.

तुमचा सहकारी कॅथलिक असेल तर थोडं वेगळं सांगेल. देव नुसतं नीतिमान ठरवत नाही, आतून तसं घडवतोही, यावर त्यांचा भर असतो. सोळाव्या शतकात यावरून युरोपातलं चर्च फुटलं. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला लुथरन (तेव्हा फुटून निघालेले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. नीतिमान ठरणं कृपेनेच, आपल्या कर्तबगारीवर नाही, एवढं दोघांनी मान्य केलं.

आता तुमचा मुद्दा, मग वाटेल तसं वागावं का? पौलाने तो रोमकरांस पत्राच्याच सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित केलाय, आणि 'कधीच नाही' म्हणून मिटवलाय. नव्या करारातला दुसरा पत्रलेखक याकोबही म्हणतो, क्रियांवाचून विश्वास निर्जीव. माझ्यापुरतं सांगतो. पूर्वी कुणाला हातउसने पैसे दिले, कुणासाठी रुग्णालयात रात्र काढली, की मनात वही उघडायची, देवाच्या नावे एक आणि त्या माणसाच्या नावे एक. देवाची वही बंद केली तेव्हा दुसरीही आपोआप पातळ होत गेली. पूर्ण बंद झाली म्हणालो, तर बायको हे उत्तर वाचून हसेल.