गे असण्याचा आणि वादळाचा काय संबंध? ('आसोग' बघून झाल्यावर)

तुम्ही विचारलंय की 'आसोग' नक्की काय आहे, चक्रीवादळावरची डॉक्युमेंटरी की ड्रॅगवाली (म्हणजे पुरुषांनी बायकांचा नटवा वेष करून केलेली) कॉमेडी, आणि दोन्हीचा एकमेकांशी संबंध काय. दोन्ही आहे. शॉन डेव्हलिनचा 2023 चा, फिलिपिन्समध्ये घडणारा सिनेमा, गोष्ट रचलेली पण माणसं खरी, वादळातनं वाचलेली, आणि बरीचशी स्वतःचंच काम करतात. एक शिक्षक-कम-कॉमेडियन सिकोगोन बेटावरच्या मिस गे स्पर्धेला निघतो (की निघते? मराठीत इथंच अडतं बघा, तिकडच्या टागालोग भाषेत तो-ती दोन्हीला 'सिया', त्यामुळे त्यांना हा प्रश्नच पडत नाही).

वादळ म्हणजे योलांडा, बाहेर त्याला हैयान म्हणतात, 8 नोव्हेंबर 2013. सरकारी आकडाच 6,300 मेल्याचा. इशारा दिलेला होता, पण 'स्टॉर्म सर्ज' (वादळामुळे किनाऱ्यावर चढून येणारं समुद्राचं पाणी) हा शब्दच लोकांच्या डोक्यावरून गेला, त्सुनामी म्हणाले असते तर पळालो असतो असं नंतर कितीतरी जण म्हणाले.

आता संबंध. मी इथे कॅनडात वृद्धाश्रमात नाइट ड्यूटी करते, माझ्याबरोबर एकजण आहे लेयते बेटावरचा, 'बायोत', म्हणजे मनिलाकडे ज्याला बाकला म्हणतात तो, बायकी वळणाचा, बहुतेकदा गे पुरुष. तो सांगतो की वादळानंतरच्या छावणीत संडास दोन, एक बायकांचा एक पुरुषांचा, इकडे गेलं तर बायका ओरडणार, तिकडे गेलं तर पुरुष चेष्टा करणार, मग काय, काळोख पडेपर्यंत थांबायचं. तांदूळ घरटी मिळणार, आणि दोन पुरुष एकत्र राहत असतील तर तिकडच्या कायद्यात ते कुटुंबच नाही. तो ज्या पार्लरमध्ये काम करायचा ते तर पहिल्या दिवशीच वाहून गेलेलं.

आसोग म्हणजे स्पॅनिश यायच्या आधीचे विसाया बेटांवरचे बाईच्या वेषातले पुजारी-वैद्य, आपल्याकडचे यल्लम्माचे जोगते आठवा, अगदी तसंच नाही पण अंदाज येईल. सिकोगोनचा भाग मला सगळ्यात जास्त लागला, घरं पडलेली असतानाच रिसॉर्टसाठी जमिनी सोडा म्हणून लोकांवर दबाव आला, हे खरं घडलेलं आहे. मध्ये सिनेमा थोडा रेंगाळतो, तेवढं सहन करा.

आणि एक, त्यांची गे बोली सबटायटलमध्ये पकडायला जाऊ नका. पावसाला टागालोगमध्ये 'उलान', तर हे लोक म्हणतात 'जुलानिस मॉरिसेट', अलानिस मॉरिसेट या गायिकेच्या नावावरून. माझ्या ड्यूटीवरचा हा लेयतेवाला पहाटे ड्यूटी संपवून बाहेर आला आणि भुरभुर दिसली की अजून तेच म्हणतो, फक्त जोराचा वारा असला की काही बोलत नाही.