अण्णा उभे कुणासमोर होते?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका मुलीचं पाच पानी पत्र आलंय. वय २९. सहा वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतेय. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली. ती परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यामुळे अभ्यास पुन्हा पहिल्यापासून. मध्येच तलाठी भरतीत निवड झाली आणि पंधरा दिवसांत रुजू व्हायचंय. तिचा प्रश्न: ‘उपजिल्हाधिकारी व्हायचं ध्येय असताना फक्त तलाठी म्हणून रुजू झाले, तर ती स्वतःशीच गद्दारी नाही का?’

बाळा, तुझ्या पाच पानांतलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘चौथीत असताना आजोबांच्या वारसनोंदीसाठी अण्णांबरोबर गेले होते, ते दिवसभर उभे होते आणि अर्ज खिशात घालून तसाच परत आणला, तेव्हाच ठरवलं.’ एवढं लिहून तू लगेच कटऑफवर गेलीस.

अण्णा उभे कुणासमोर होते गं?

वारसाचा फेर, म्हणजे ती वारसनोंद, कोण ओढतो हे तुला मी सांगायला नको. त्या खुर्चीत तलाठी बसला होता. आज ज्या पदाआधी तू ‘फक्त’ लिहितेस, तेच पद.

नऊ वर्षांच्या पोरीला उपजिल्हाधिकारी म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? आपल्या बापाला कुणीतरी ‘बसा’ म्हणावं, हातातला कागद घ्यावा, एवढंच तिला हवं होतं. ती इच्छा तुझी, अस्सल. पदाचं नाव तिला नंतर चिकटलं, आणि कुणी चिकटवलं तेही तुझ्याच पत्रात आहे. दरमहा नऊ हजार पाठवणारे मामा म्हणतात, ‘काढायची तर डेप्युटीचीच पोस्ट काढ.’ अभ्यासिकेतली मैत्रीण डीवायएसपी झाली, तिचा गुलालातला फोटो तू मोबाइलच्या पडद्यावर लावलायस. रोज पहाटे डोळे उघडल्यावर दुसरीची मिरवणूक बघतेस आणि तिला माझं ध्येय म्हणतेस!

मामांचं मन मी समजून घ्यावं असं तुला वाटतं. नाही घेणार. त्यांना गावच्या स्टँडवर भाचीचा फ्लेक्स हवाय, आणि त्याचे हप्ते ते तुझ्या वयातून फेडून घेतायत.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम १४९ तुला पाठ असेल. जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी माणसाने दिली की तलाठ्याने तिची लेखी पोच लगेच द्यायची. मग कलम १५०: फेरफार नोंदवहीत नोंद, चावडीवर प्रत, संबंधितांना नोटीस, आणि पुढे मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. तुझ्या लेखी हे दोन मार्कांचं उत्तर असेल. अण्णांना त्या दिवशी ती पोच मिळाली असती, तर अर्ज खिशात घालून परत आणावा लागला नसता. आणि ती पोच देणं जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या साहेबाच्या हातात नसतं, सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीत, बसलेल्या माणसाच्या हातात असतं. पदाचं नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं, पण दारात अर्ज घेऊन उभा राहणारा शेतकरी तोच आहे.

म्हणून सांगते, रुजू हो. ‘रुजू होऊन अभ्यासही करते’ हे मला नको. दोन वर्षं राज्यसेवेचा फॉर्म भरायचा नाही. शरीर सज्जावर आणि जीव अभ्यासिकेत असला, की समोरचा म्हातारा अर्ज घेऊन उभाच राहतो. दोन वर्षांनी वाटलं तर खुशाल भर, तेव्हा ती इच्छा तुझ्या कामातून आलेली असेल.

मामांना आज रात्रीच फोन करून सांग, पैसे थांबवा. मोबाइलवरचा तो फोटो काढ. आणि सज्जावर गेल्यावर पहिल्या दिवशी टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत का ते बघ. नसतील तर पहिल्या पगाराची वाट बघू नकोस, घरून घेऊन जा.