कर्जात अडकलेल्या शेतकऱ्याच्या घरी पहिल्यांदा मदतीला जाशील तेव्हा

पहिल्या भेटीत कर्जाचा आकडा विचारू नकोस. गुरांचं विचार, पिकाचं विचार. माणूस बोलता झाला की पैशाचा विषय तोच काढतो. कागद बहुधा एखाद्या पिशवीत कोंबलेले असतात, काही पाकिटं तर फोडलेलीही नसतात. सगळं जमिनीवर पसर आणि वहीत उतरव: कुणाचे, किती, व्याज काय, तारण काय, हप्ता कधी. हे नवरा-बायको दोघांसमोर कर. अर्धं कर्ज एकाला ठाऊकच नसतं, हे मी कितीदा पाहिलंय! हप्ता थकण्याआधीच बँकेत सोबत जा. थकल्यावर पर्याय कमी उरतात.

झोप उडालीय, जेवण सुटलंय, 'माझ्यामागे यांचं नीट होईल' असं कानावर आलं, तर घुटमळू नकोस. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस. कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात, चावी दुसऱ्याकडे. डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा. मी सुरुवातीला नुसता फोन नंबर देऊन परत यायचो. कुणीही फोन केला नाही.