वाचकांचे प्रश्न : आधी पदवी की आधी कारखाना?

प्रश्न : मी वीस वर्षांचा असून मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या सत्रात शिकत आहे. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील पंप तयार करणाऱ्या एका कारखान्याने मला वर्षभरासाठी अप्रेंटिस म्हणून घेण्याची तयारी दाखवली आहे. बाबांचे म्हणणे असे, की आधी डी टू डी, म्हणजे डिप्लोमावरून थेट पदवीला प्रवेश, करून पदवी पूर्ण करावी, कारण हाती पैसा खेळू लागला की मुलगा पुन्हा पुस्तकाकडे वळत नाही. मला कारखान्यात जावेसे वाटते, परंतु बाबांना दुखवायचेही नाही. मी काय करावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : तुमच्या बाबांची भीती निराधार नाही. एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात मी बरीच वर्षे काढली आहेत, आणि ‘वर्षभरात परत शिकायला जाणार’ असे सांगत आलेली, पण पहिल्या मोटरसायकलच्या हप्त्यांत अडकून तिथेच राहिलेली मुले मी पाहिली आहेत. तरीही माझे मत तुमच्या बाजूला झुकते. अट एकच : ही अप्रेंटिसशिप खरी असली पाहिजे.

‘अप्रेंटिस’ आणि ‘ट्रेनी’ हे शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात 1973 साली डिप्लोमा व पदवीधारकांचा समावेश झाला. या कायद्याखाली करार नोंदवला जातो, कामाचा कालावधी ठरलेला असतो, कामावर इजा झाल्यास भरपाईची तरतूद लागू होते आणि वर्ष पुरे झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. 2019 च्या नियमांनी डिप्लोमाधारकांचे किमान विद्यावेतन दरमहा 8000 रुपये ठरवले होते. हे वेतन नव्हे, विद्यावेतन आहे. त्यावर भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही, आणि करारात तसे लिहिलेले नसेल तर वर्षअखेरीस नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नसते. कंपनीने आपल्या मर्जीने दिलेल्या नुसत्या ‘ट्रेनी’च्या पत्राला यांपैकी कोणताही आधार नसतो. म्हणून होकार देण्यापूर्वी करार कोणत्या कायद्याखाली नोंदवणार, हे स्पष्ट विचारावे. असे विचारणे उद्धटपणाचे ठरत नाही. जाणत्या माणसाला त्यात तुमची समजच दिसेल.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे : बारा महिन्यांत मला कोणकोणत्या विभागांत बसवणार? काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हात, एवढाच हिशेब असतो. मुलाला एका ड्रिलिंग मशीनपुढे उभे केले, की वर्ष तिथेच सरते. पंपांच्या कारखान्यात यंत्रण (मशिनिंग), जुळणी, दाबाखालची चाचणी आणि ग्राहकाकडून परत आलेल्या मालाची दुरुस्ती, असे निदान चार टप्पे तरी बघायला मिळाले पाहिजेत. त्यांतही परत आलेला माल सर्वांत जास्त शिकवतो. सील का गळले, बेअरिंग का जळले, शाफ्ट वाकडा होता की तो बसवणाऱ्याचा हात, हे शोधताना वर्गात पाठ केलेले टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, पहिल्यांदा डोक्यात उतरते.

रोज घरी आल्यावर एका वहीत पाच ओळी लिहाव्यात : आज काय बिघडले, कोणी कसे ओळखले, मी काय मोजले. पुढे मुलाखतीत ‘मी मेहनती आणि शिकण्यास उत्सुक आहे’ असे प्रत्येक उमेदवार म्हणतो, आणि समोरच्याच्या कानाला ते ऐकूही येत नाही. पण एकाच आकाराचे तीन पंप चाचणीत का नापास झाले आणि चूक कुठे सापडली, हे तुम्ही सांगू शकलात, तर तो पेन खाली ठेवून ऐकेल.

आपल्या वडोदऱ्यातील मराठी घरांत पदवीची भिंतीवरची चौकट आणि ऑइलने माखलेले हात यांत पहिलीला झुकते माप मिळते. मला याचे नेहमी नवल वाटते, कारण सयाजीराव महाराजांनी 1890 साली याच गावात कलाभवन काढले ते हाताच्या कामाचे शिक्षण देण्यासाठी. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. आज त्याच वास्तूत विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे.

आता बाबांविषयी. त्यांच्याशी मतांचा वाद न घालता तारखांचे बोला. डी टू डीने प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला मिळतो आणि त्यासाठीची डीडीसीईटी ही प्रवेशपरीक्षा दरवर्षी होते, म्हणजे एक वर्ष थांबल्याने दार बंद होत नाही. कारखान्याची शिफ्ट सांभाळून रविवारी गणित आणि भौतिकशास्त्राला बसण्याचे वेळापत्रक लिहून त्यांच्या हाती द्या, आणि विद्यावेतनातील ठरावीक रक्कम पुढच्या फीसाठी त्यांच्याच देखरेखीखाली बाजूला ठेवा. नात्यातील एखादे काका ‘एएमआयई कर, नोकरी करता करता होते’ असे सुचवतील. एएमआयई म्हणजे ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ या संस्थेची परीक्षा. काकांच्या काळी ते खरे होते. परंतु 31 मे 2013 नंतर नोंदणी केलेल्यांच्या एएमआयईला केंद्र सरकार पदवीसमान मानत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरी मराठी, बाहेर गुजराती, आणि इंग्रजी बोलताना घाम फुटतो. एका क्लासने ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’साठी अठरा हजार रुपये सांगितले आहेत. घ्यावा का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : मुळीच घेऊ नकोस. दोन महिन्यांत अंगवळणी पडणारी टाय आणि तोंडपाठ केलेली स्वतःची ओळख, यापलीकडे अशा वर्गांतून काही मिळालेले मी क्वचितच पाहिले आहे. मांडवीजवळचे 1910 साली स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय तुला ठाऊक असेलच. तिथे बसून इंग्रजी वर्तमानपत्रातील व्यापारपानावरची एकच बातमी रोज वाच. ती आधी आईला मराठीत समजावून सांग आणि मग तीच मोबाइलवर इंग्रजीत ध्वनिमुद्रित कर. विषय आधीच समजलेला असल्यामुळे शब्दांची भीती निम्मी होते. पहिल्या आठवड्याचे ध्वनिमुद्रण पुसू नकोस. तीन महिन्यांनी ते पुन्हा ऐकायचे आहे.

शिवाय तुझे गुजराती हे तू समजतेस तितके क्षुल्लक नाही. स्टेट बँकेच्या लिपिकपदासाठी राज्याची भाषा वाचता, लिहिता व बोलता यावी लागते, आणि दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा असल्यास वेगळी भाषापरीक्षा द्यावी लागत नाही. तुझी गुणपत्रिका काढून एकदा पाहा.

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. पुढे काय करणार, असे विचारले की उत्तरच देत नाही. कल चाचणी करून घ्यावी का?
— एक आई, दांडिया बाजार

उत्तर : चाचणी करायला हरकत नाही, परंतु सोळाव्या वर्षी हे ठाऊक नसणे हा दोष नव्हे. तूर्त तो प्रश्न विचारणे थांबवा, आणि येत्या सुटीत त्याला ओळखीच्या एखाद्या माणसाच्या कामाच्या जागी, मग ती औषधांची प्रयोगशाळा असो, सीएचे कार्यालय असो की गॅरेज असो, चार दिवस नुसते बसू द्या. परत आल्यावर काय आवडले, हे विचारू नका. कशाचा कंटाळा आला, एवढेच विचारा. त्याचे उत्तर तो नक्की देईल.