लाकडी माडीवर टर्नटेबल: रॅक, स्टँड आणि भिंत

आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला आहे. इंदूरच्या राजवाड्यालगतच्या जुन्या घरात, कडीपाटाच्या माडीवर आपली बैठकीची खोली आहे. टर्नटेबल (तबकड्या वाजवणारे यंत्र), इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रत्येकी सात किलोंचे बुकशेल्फ स्पीकर हे सगळे सध्या एकाच लांब टीव्ही युनिटवर मांडलेले आहे. कोणी खोलीतून चालत गेले की सुई उडते, आणि आवाज थोडा वाढवला की सगळे घुमू लागते. यावर उपाय म्हणून काचेच्या फळ्यांचा महागडा तयार रॅक घ्यावा काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो घेऊ नये. टर्नटेबल भिंतीवर न्यावे, स्पीकरसाठी जड आणि योग्य उंचीचे स्टँड करून घ्यावेत, आणि रॅकवर सर्वांत कमी खर्च करावा.

सुई उडण्याचे आणि घुमण्याचे कारण एकच नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. टोनआर्म (सुई पेलणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा सुईचा भाग) मिळून स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या तयार होते, आणि चांगल्या जुळणीत ती साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, दरम्यान असते. लाकडी माडीवर पाऊल पडले की जमीन जे हेलकावे घेते तेही दुर्दैवाने याच पट्ट्याच्या आसपास असतात, त्यामुळे जमिनीचा छोटासा धक्काही आर्मपाशी मोठा होऊन पोहोचतो. जमिनीवर उभा केलेला रॅक कितीही भारी असला तरी जमीन हलली की तोही हलणारच. त्याची किंमत त्यात काही बदल करू शकत नाही.

मग टर्नटेबलखाली रबरी पाय किंवा अर्धे कापलेले स्क्वॉशचे चेंडू का ठेवू नयेत, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. याचे गणित सोपे आहे. वजन ठेवल्यावर १ मिलिमीटर दबणाऱ्या आधाराची नैसर्गिक कंपनसंख्या सुमारे १६ हर्ट्झ येते, ४ मिलिमीटर दबणाऱ्याची सुमारे ८, आणि ती ३ हर्ट्झच्या आसपास आणायची असेल तर आधार जवळजवळ २५ मिलिमीटर दबला पाहिजे. शिवाय कोणताही लवचीक आधार आपल्या कंपनसंख्येच्या सुमारे १.४ पटीच्या वरचीच कंपने अडवू लागतो. त्या संख्येच्या जवळपासची कंपने तो उलट वाढवतो. म्हणजे ४ मिलिमीटर दबणारे मऊ पाय पावलांच्या धक्क्यांना नेमके चुकीच्या जागी हातभार लावतात. (रबर कंपनांखाली या गणितापेक्षा अधिक ताठ वागते, त्यामुळे प्रत्यक्षातली संख्या आणखी वर सरकते.) जाहिरातींमध्ये हे कोणी लिहीत नाही.

म्हणून भिंत. आपल्यासारख्या जुन्या घरांच्या भिंती जाड आणि भार वाहणाऱ्या असतात. पावलांनी त्या माडीइतक्या हलत नाहीत. अशा भिंतीत लाकडी दारांचे कपाट असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. दारे उतरवून आतल्या फळीच्या जागी २५ मिलिमीटर जाडीची कोटा दगडाची लादी भिंतीतच रुतवून बसवावी. ४५ बाय ४० सेंटिमीटरच्या लादीचे वजन सुमारे १२ किलो भरते. मात्र आधी माप घ्यावे. टर्नटेबल कपाटात मावले तरी मागे तारांना आणि झाकणाच्या बिजागरीला जागा लागते, आणि झाकण पूर्ण उघडायला वर बऱ्यापैकी मोकळी उंची लागते. लादी बसली, सगळे जुळले आणि झाकणच उघडेना, अशी फजिती टाळावी.

कपाट नसेल तर लोखंडी ब्रॅकेटवर १८ मिलिमीटरच्या प्लायची फळी चालेल. येथे सावधगिरी ब्रॅकेटपेक्षा भिंतीबाबत हवी, कारण मातीत किंवा चुन्यात रचलेल्या विटांमध्ये प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून घातलेला स्क्रू काही महिन्यांत ढिला होतो. ड्रिलमधून नुसती भुसभुशीत माती बाहेर येत असेल तर ते छिद्र सोडून द्यावे, विटेच्या मध्यावर नवे घ्यावे आणि लांब बोल्ट केमिकल अँकरने (छिद्रात भरून घट्ट होणाऱ्या रसायनाने) पक्के करावेत. फळीची समपातळी तपासताना स्पिरिट लेव्हल फळीवर न ठेवता टर्नटेबलच्या फिरत्या थाळीवर ठेवावी.

घुमण्याचे कारण वेगळे आहे. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच युनिटवर असल्याने स्पीकरची कंपने लाकडातून परत सुईपर्यंत जातात, ती पुन्हा वाढून स्पीकरमधून बाहेर येतात आणि हे चक्र फुगत जाते. खात्री करायची असल्यास मोटर बंद ठेवून स्थिर तबकडीवर सुई टेकवावी आणि आवाज हळूहळू वाढवावा. काहीही वाजत नसताना खर्जात हुंकार सुरू झाला तर निदान बरोबर आहे. हुंकार येताच आवाज तत्काळ कमी करावा, अन्यथा वूफरला (स्पीकरमधल्या खर्जाच्या मोठ्या पडद्याला) इजा होईल. अमीर खाँसाहेबांसारख्या गायकाच्या अतिविलंबित ख्यालात, जिथे दोन स्वरांमधल्या शांततेत तानपुराच ऐकायचा असतो, तिथे हा दोष कमी आवाजातही गढूळपणाच्या रूपाने जाणवतो.

आता स्टँड. उंचीचे सूत्र एवढेच की ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा पडदा) बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर यावा. सोफ्यावर बसल्यावर कान साधारण ९५ सेंटिमीटरवर येतो, गादीवर मांडी घालून बसल्यावर सुमारे ७५ वर. आपल्या स्पीकरचा ट्वीटर तळापासून २५ सेंटिमीटरवर आहे असे धरले तर पहिल्या बैठकीला ७० चा आणि दुसरीला ५० चा स्टँड लागेल, तर बाजारातला तयार स्टँड बहुधा ६० चा असतो. पाच-दहा सेंटिमीटरच्या फरकाने फारसे बिघडत नाही. अडीच मीटर अंतरावरून ऐकताना १० अंशांचा कोन व्हायला ४४ सेंटिमीटरचा फरक पडावा लागतो. पण त्याहून अधिक वरखाली गेल्यास आवाज बदलतो. बहुतेक द्विमार्गी स्पीकरांत २ ते ३ किलोहर्ट्झच्या दरम्यान वूफर आणि ट्वीटर दोघेही वाजत असतात आणि तिथली तरंगलांबी १४ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे त्या दोघांमधल्या अंतराएवढीच असते. कोन वाढला की दोघांचे तरंग एकमेकांना खोडतात आणि गायकाचा आवाज पोकळ वाटू लागतो.

माझा सल्ला स्टँड बनवून घेण्याचा आहे. ग्रिल आणि गेट करणारा कोणताही फॅब्रिकेटर हे काम करील. तळाला ३५ बाय ३० सेंटिमीटरची ८ मिलिमीटर जाड प्लेट, १० सेंटिमीटरचा चौकोनी पाइप, आणि वर स्पीकरच्या तळापेक्षा किंचित लहान प्लेट. वरच्या प्लेटला एक छिद्र ठेवायला सांगावे, कारण पाइपमध्ये वाळू भरायची आहे. रिकामा पाइप टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो, भरलेला नुसता ठप्प करतो. बांधकामावर मिळणारी नर्मदेची रेती चाळून, कढईत कोरडी भाजून, थंड झाल्यावरच भरावी; ओली रेती पाइपला आतून गंज आणते. साठ सेंटिमीटरच्या पाइपमध्ये आठ किलोंहून अधिक रेती मावते आणि सगळा स्टँड वीस किलोंच्या वर जातो, त्यामुळे मूल धावत येऊन आदळले तरी तो सहजासहजी कलंडत नाही. काही जण शिशाचे छर्रे भरायला सांगतात. शिशाची धूळ विषारी असते, घरात मुले असताना ती भानगड नको.

तळाला टोकदार स्पाइक लावण्याची रीत आहे, पण आपल्या माडीवर ते लावू नयेत. फळ्यांना भोके पडतील ती वेगळीच, पण स्पीकरची कंपने थेट लाकडात उतरून सगळी माडी वाजू लागेल. येथे मात्र टर्नटेबलसाठी वर नाकारलेले रबर गादीच्या रूपात स्टँडखाली कामाचे आहे, कारण पावलांची कंपने १० हर्ट्झच्या आसपास असली तरी स्पीकरचा खर्ज ४०-५० हर्ट्झपासून वर असतो, आणि वजनाखाली १ मिलिमीटर दबणारी, म्हणजे १६ हर्ट्झची गादी तो पट्टा चांगला अडवते. गादी स्टँड डोलेल इतकी मऊ नसावी. हेच घर कोटा दगडाच्या तळमजल्यावर असते तर मी स्पाइक आणि त्यांखाली पितळी वाट्या सुचवल्या असत्या.

स्टँड कुठे ठेवायचे तेही माडीच ठरवते. तुळया ज्या भिंतीत रुतलेल्या असतात त्या भिंतीजवळ जमीन सर्वांत कमी हलते, तुळयांच्या मध्यावर सर्वांत जास्त. त्या निमित्ताने खालच्या खोलीतून तुळयांची टोके एकदा पाहून घ्यावीत. वाळवी बहुधा तिथूनच सुरुवात करते.

रॅकविषयी थोडेच सांगण्यासारखे उरते. आता त्यावर फक्त अ‍ॅम्प्लिफायर आणि पुढेमागे एखादा सीडी प्लेअर राहील, आणि या यंत्रांना कंपनांपेक्षा उष्णतेचा त्रास अधिक. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर निदान १५ सेंटिमीटर मोकळी हवा हवी आणि मागची बाजू उघडी हवी. काच दणदणते, पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात फुगतो आणि एकदा निघालेला स्क्रू त्यात पुन्हा पकडत नाही. आयएस ७१० मानकाचा किंवा निदान आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्यावा. फळीची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनाने मध्यावरचा बाक आठपट वाढतो, म्हणून रॅक अरुंद ठेवावा. आटे पाडलेल्या चार सळयांवर नटांनी फळ्या अडकवलेला रॅक सुताराशिवायही होतो आणि फळ्यांची उंची हवी तेव्हा बदलता येते. नट, वॉशर आणि सळया सियागंजात मिळतील.

अ‍ॅम्प्लिफायर टर्नटेबलच्या जवळच असावा, कारण फोनोची (टर्नटेबलकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी) तार लांबवली की कार्ट्रिजवरचा कपॅसिटन्सचा, म्हणजे तारेच्या विद्युतधारकतेचा, भार वाढतो; मात्र तो नेमका खाली नसावा. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजचा संकेत जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो आणि ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र त्यात गुणगुण मिसळते. तबकडी न लावता अ‍ॅम्प्लिफायरवर फोनो निवडून आवाज वाढवावा आणि अ‍ॅम्प्लिफायर बाजूला सरकवत गुणगुण कुठे कमी होते ते ऐकावे, मगच रॅकची जागा पक्की करावी.

तुळया कोणत्या दिशेने जातात, भिंतीतले कपाट आतून किती खोल आहे आणि आपण सोफ्यावर बसून ऐकता की गादीवर, एवढे कळवलेत तर फॅब्रिकेटरला देण्याजोगी मापे लिहून देतो.