विंडोज उडवू नको, आधी डी ड्राइव्ह परत दे

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. रात्री लाईन गेली-आली त्यात डी ड्राइव्हवाली हार्डडिस्क गेली, दुकानातून नवी एसएसडी बसवून आणली, सी वरची विंडोज शाबूत आहे. पण स्टीमवरून (गेम विकत घेऊन उतरवायचा प्रोग्राम) जीटीए 5 हा गेम टाकताना 'एरर 1327, इनव्हॅलिड ड्राइव्ह डी' येतो आणि दुकानदार म्हणतो विंडोज फॉरमॅट मारावी लागेल. नको मारू.

दारव्ह्याकडच्या एका खेड्यात 14 वर्षांपासून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवातीला हाच एरर घेऊन एक पोरगा सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर आला होता. मी सरळ फॉरमॅट मारला. डेस्कटॉपवर त्याच्या बहिणीच्या अ‍ॅडमिशनचे स्कॅन केलेले कागद होते, सगळे गेले. दाखल्यांसाठी त्या घरच्यांना पुन्हा तहसीलच्या चकरा माराव्या लागल्या. ते मला अजून सलतं, म्हणून एवढं लांब लिहितो.

1327 हा गेमचा एरर नाही, विंडोज इन्स्टॉलरचा आहे. गेमसोबत व्हिज्युअल सी++ वगैरे छोटे सेटअप चालतात, ते आधी तुझे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप असे फोल्डर कुठे आहेत ते पाहतात. सी ड्राइव्ह भरत आला म्हणून तू कधीतरी डॉक्युमेंट्स डी वर हलवलं असणार. डी मेला, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, पत्ता अजून त्याचाच आहे. इन्स्टॉलर त्या पत्त्यावर जातो, घरच सापडत नाही, मग तिथंच थांबतो.

आता स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघड. नव्या एसएसडीला बहुतेक ई किंवा एफ अक्षर मिळालं असेल. 'चेंज ड्राइव्ह लेटर' मध्ये जाऊन तिला डी दे. डी अक्षर डीव्हीडी ड्राइव्हनं घेतलं असेल तर आधी त्याला झेड दे, मग डी मोकळा होतो. एसएसडी तिथं 'अनअ‍ॅलोकेटेड' अशी काळ्या पट्टीत दिसत असेल तर दुकानदारानं ती फॉरमॅटच केलेली नाही. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत) मध्ये फॉरमॅट कर, दुसरं काही निवडू नको. फॉरमॅट फक्त त्या नव्या डिस्कचा, सी ला हातही लावू नको. जुन्या पत्त्यावर जे नाव होतं त्याच नावाचा रिकामा फोल्डर डी वर बनवलास की 1327 जायला पाहिजे.

तरी गेला नाही तर रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बदलायचा विंडोजमधलाच प्रोग्राम, उघडून करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर असं उतरत 'यूजर शेल फोल्डर्स' पर्यंत जा. डॉक्युमेंट्सचा पत्ता तिथं 'पर्सनल' नावानं असतो. बदलण्याआधी त्या कीचा (रजिस्ट्रीतल्या त्या फोल्डरचा) एक्सपोर्ट, म्हणजे कॉपी, काढून ठेव, मग डी चा पत्ता काढून सी वरचा तुझ्या यूजरमधला डॉक्युमेंट्सचा पत्ता टाक आणि रीस्टार्ट कर.

स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघड. जुनी मेलेली लायब्ररी (स्टीम गेम ठेवतं तो फोल्डर) दिसत असेल तर काढून टाक आणि नव्या डी वर परत जोड.

खरा त्रास पुढं आहे, डाउनलोड. गेम 100 जीबीच्या वर. आपल्याकडं रोजचा 2 जीबी मिळतो, म्हणजे 50 दिवसांहून जास्त, तेही बाकी काही न पाहता. म्हणून जवळच्या कोणाकडं हाच गेम विकत घेतलेला असेल तर त्याच्या स्टीमअ‍ॅप्स, कॉमन मधला गेमचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर आण. यूएसबी 3 च्या निळ्या पोर्टला लाव, नाहीतर अख्खी दुपार जाईल. तो तुझ्या डी वरच्या लायब्ररीत तशाच जागी ठेव आणि मगच इन्स्टॉल दाब. स्टीम असलेल्या फाइल तपासतं आणि जेवढं कमी असेल तेवढंच ओढतं. एक पाहून घे: मार्च 2025 पासून पीसीवर या गेमचे लेगसी (जुना) आणि एनहान्स्ड (सुधारलेला) असे दोन प्रकार आहेत. त्याच्याकडं एक आणि तुझ्याकडं दुसरा असेल तर कॉपीचा उपयोग नाही.

जुनी डिस्क कुठं आहे? दुकानात सोडली असेल तर आजच घेऊन ये. स्टोरी मोडचे सेव्ह (तू खेळून कुठवर पोचलास त्याच्या फाइल) डॉक्युमेंट्समधल्या रॉकस्टार गेम्स, जीटीए व्ही (एनहान्स्ड असेल तर जीटीएव्ही एनहान्स्ड), प्रोफाइल्स या फोल्डरमध्ये असतात, म्हणजे तुझे त्याच डिस्कवर आहेत. डिस्क टक-टक आवाज करत असेल तर परत परत चालू करून पाहू नको, बहुतेक आतलं हेड (डिस्क वाचणारा भाग) खराब झालेलं असतं आणि प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. आवाज नसेल तर सॅटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) बदलून एकदा लाव. दिसली तर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम) वगैरे काही न चालवता पहिले तो प्रोफाइल्स फोल्डर काढ, काही एमबीचाच असतो, मग घरचे फोटो. गेम पहिल्यांदा उघडण्याआधी तो फोल्डर नव्या डॉक्युमेंट्समध्ये त्याच जागी ठेव.