मेनशीट म्हणजे शीड नव्हे

शाहूपुरीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांचं कुटुंब ग्रीसमधल्या लेफकाडा इथून शिडाची कॅटमरान, म्हणजे दोन नावा शेजारी शेजारी जोडल्यासारखी बोट, भाड्याने घेणार आहे. बोट ताब्यात घेताना तपासायच्या साहित्याची यादी आली आणि घरच्यांसाठी त्यांनी ती मराठीत उतरवली. मेनसेल आणि मेनशीट दोन्हींना 'मोठं शीड' लिहिलं, बूमला 'परबाण'. हॅलयार्ड, बॅटन कार, लेझी जॅक, टॉपिंग लिफ्ट तशीच राहिली. हे बरोबर आहे का, आणि उरलेल्यांना मराठीत काय म्हणावं?

मेनशीट आधी दुरुस्त करा. शीट हा दोर आहे, कापड नाही. जुन्या इंग्रजीत शिडाच्या खालच्या कोपऱ्याला जो शब्द होता, त्यातून त्या कोपऱ्याच्या दोराचं हे नाव आलं. वारा वाढला की 'मेनशीट सोडा' म्हणतात, म्हणजे दोर सैल करून शीड बाहेर झुकू द्यायचं. तुमच्या यादीप्रमाणे कुणी नेमक्या त्या वेळी शीडच खाली उतरवू लागला, तर घोटाळा होईल.

हॅलयार्ड हा दुसरा दोर, शीड वर चढवणारा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा फरक मोटेवरून लगेच कळेल. मोट वर ओढतो तो नाडा. तिच्या सोंडेला बांधलेला आणि पाणी कधी सुटायचं ते ठरवणारा तो सोंदूर. हॅलयार्डचं काम नाड्याचं, शीटचं सोंदुराचं. म्हणून हॅलयार्डला मी 'उभारदोर' म्हणेन आणि शीटला 'आवरदोर'.

उभारदोराबद्दल आणखी एक. बऱ्याच मोठ्या कॅटमरानांवर शिडाच्या माथ्याला एक कप्पी असते. दोर डोलकाठीच्या टोकावरून खाली येतो, त्या कप्पीतून वळून पुन्हा वर जातो आणि तिथे बांधलेला असतो. शाळेत शिकलेली चल कप्पी ती हीच. घर्षण सोडलं तर ओढ निम्मी लागते, पण शीड 15 मीटर चढवायला दोर 30 मीटर ओढावा लागतो. शीड उतरवताना तेवढाच दोर मोकळा सुटला पाहिजे. त्याला गाठ किंवा पीळ पडला असेल, तर शीड अर्ध्यावर अडकतं. शिडाच्या माथ्यावर दिसेल ती कप्पी म्हणजे सुटा पडलेला भाग नव्हे.

आता परबाण. हा आपल्या किनाऱ्याचा सुंदर शब्द आहे आणि तो चुकीच्या वस्तूला देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. कोकणातल्या मचव्याचं शीड वरच्या तिरक्या वाशाला बांधलेलं असतं; तो वासा म्हणजे परबाण, इंग्रजीत यार्ड. हॅलयार्ड हा शब्द मुळात 'ओढणे' या अर्थाच्या क्रियापदातून आला आणि पुढे या यार्डच्या ओढीने त्याचं रूप बदललं. बूम असतो शिडाच्या तळाशी, आणि मचव्याच्या शिडाला तळाशी असा वासा नसतोच. जी वस्तू आपल्या बोटींवर नव्हती, तिला आपल्याकडे शब्द नसणं स्वाभाविक आहे. इंग्रजीनेही बूम डच भाषेतून घेतला. तिथे त्याचा अर्थ झाड किंवा खांब. आपणही बिनदिक्कत बूमच म्हणावं.

बॅटन म्हणजे शिडात आडव्या घातलेल्या लांब पट्ट्या. कॅटमरानला डोलकाठीमागे ताण देणारी तार बहुधा नसते, त्यामुळे शिडाचा मागचा काठ खूप फुगीर ठेवता येतो आणि त्याला आकार देतात त्या या पट्ट्या. ताण भरला की पट्टीचं पुढचं टोक डोलकाठीवर रेटतं. साधी सरकती कडी त्या रेट्याने अडेल, म्हणून पट्टीचं टोक एका पेटीत बसवतात आणि पेटी डोलकाठीवरच्या रुळात सरकणाऱ्या गाडीला जोडतात. तुम्हाला बोटीवर दिसतील त्या अनोळखी पेट्या याच. कार म्हणजे ही गाडी. 'पट्टीची गाडी' म्हणा.

लेझी जॅक या डोलकाठीपासून बूमपर्यंत दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या दोऱ्या. उतरणारं शीड त्या बूमवर झेलतात, तेव्हा 'झेलदोऱ्या'. शीड चढवताना मात्र पट्ट्यांची टोकं त्यांतच अडकतात, म्हणून बोटीचं तोंड वाऱ्याकडे धरून चढवायचं.

टॉपिंग लिफ्ट डोलकाठीच्या माथ्यावरून बूमच्या मागच्या टोकाला येतो. शीड उभं असताना बूम शिडाच्याच आधाराने असतो. ते उतरलं की सगळा भार या दोरावर येतो. याला 'तोलदोर' म्हणायला हरकत नाही. यादीत त्याच्यापुढे एवढं वाक्य लिहाच: शीड उतरवण्याआधी तोलदोर ताठ आहे का पाहा, आणि बूमखाली कुणी उभं राहू नका.

हे शब्द घरच्यांना समजावण्यासाठी. बोट देणाऱ्यांशी बोलताना मूळ इंग्रजी नावंच वापरा, आणि यादीत दोन्ही शेजारी शेजारी लिहा.